जाता जाता पाच मिनिटं

प्रश्न विचारणारे कवठेमहांकाळ तालुक्यातले तरुण द्राक्ष सल्लागार आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "कृषी पदवी घेऊन चार वर्षं झाली, गावातच राहून सल्ल्याचं काम करतो. सप्टेंबर ते जानेवारी फोन खाली ठेवता येत नाही. पाहुणे, भावकी, औषध दुकानदार, तरुण मंडळं, कॉलेजातले सर, सगळ्यांना वेळ हवा असतो आणि बहुतेकांना फुकट. नाही म्हटलं तर 'शिकला आणि शिष्ट झाला'. हो म्हटलं तर पैसे भरलेल्या बागा मागे पडतात. कुणाला हो म्हणायचं, आणि नाही म्हणायचं तर कसं?"

तुमच्या प्रश्नात एक शब्द आलेला नाही, पण दिवसातून वीस वेळा तो तुमच्या तोंडी येत असणार. 'बघतो.' आपल्या सांगलीकडं नाही म्हणायची ही सभ्य रीत. म्हणणाऱ्याच्या मनात 'नाही' असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर 'येतो' पडतं, आणि फोन ठेवताना दोघंही खूश असतात. मी 27 वर्षं तासगाव, पलूस, मिरज, जत या भागातल्या बागांतून फिरतोय. त्यातली पहिली वीस-बावीस वर्षं मी या एका शब्दावर काढली.

मग 2019 चा ऑक्टोबर आला. परतीचा पाऊस हटेना. माझा मावसभाऊ, दोन एकर थॉम्पसन जातीची द्राक्षं, सप्टेंबरच्या शेवटाला फळछाटणी (फळ धरायची छाटणी) घेतलेली, म्हणजे घड बाहेर येऊन फुलोऱ्याकडं चाललेले. संध्याकाळी फोन आला, "दादा, पानाच्या खालच्या अंगाला पांढरं दिसतंय. एकदा येऊन जावा की." मी म्हटलं, "बघतो. उद्या जमलं तर येतो." त्यानं टाकीत पाणी भरून ठेवलं, ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून ठेवला आणि माझी वाट बघत बसला. दादा येणार, दादा सांगेल ते मारू. मी पोचलो तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर दावण्या (त्याच पांढऱ्या बुरशीचा रोग) पानावरून घडात उतरला होता. त्यानं मला काही बोल लावला नाही, बांधावरच चहा आणून दिला. त्याची बायको मात्र सोप्याच्या बाहेर आली नाही.

त्या दिवशी परत येताना गाडीत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. फोनवर मी सरळ म्हटलं असतं, "मला तीन दिवस येता येणार नाही, तू थांबू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी दाखव," तर त्यानं शेजारच्या गावातल्या सल्लागाराला रात्रीच बोलावलं असतं. बाग माझ्या नकारानं गेली नाही, मी त्याला लटकत ठेवलं म्हणून गेली. तेव्हा आधी हे पक्कं करा की उत्तर काहीही असो, ते त्याच दिवशी आणि ज्याला कळायचं त्याला कळेल अशा शब्दांत गेलं पाहिजे. हो की नाही ते त्यानंतरचं.

आता हो की नाही. आमच्या आजोबांकडं दुसऱ्यासाठी करायच्या कामाला चार शब्द होते आणि मला अजून त्याहून चांगले सापडलेले नाहीत. पैरा, इर्जिक, बलुतं आणि वेठ. पैरा म्हणजे आज माझे बैल तुझ्या रानात, परवा तुझे माझ्या रानात. इर्जिक म्हणजे कुणी अडला, बैल मेला, घरात आजारपण आलं, तर गावानं आपापली औतं त्याच्या रानात घालायची, एका दिवसात नांगरट उरकायची, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं आणि विषय तिथं संपला, परतफेड नाही. बलुतं वर्षाचं असतं. सुतारानं वर्षभर औतं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावरून ठरलेला वाटा न्यायचा. (बलुत्यात जातीचा जाच होता, तो कुणालाच परत नकोय. मी त्यातली हिशेबाची रीत तेवढी उचलतोय.) आणि वेठ म्हणजे वतनदाराचा माणूस दारात येऊन उभा राहिला की हातातलं काम टाकून निमूट जायचं.

फोन आला की मी मनात एवढंच विचारतो, हे यातलं कुठलं? कोण मागतोय, किती जवळचा आहे, ते नंतर. माझा अनुभव असा की वेळ मागितला म्हणून कुणाचं बिनसत नाही. मागणारा पैरा समजून मागतो, देणारा वेठ समजून देतो, आणि दोघंही तोंडानं काही बोलत नाहीत, तिथं बिनसतं. तुम्हाला शिष्ट म्हणणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो. त्याच्या हिशेबी तुम्ही त्याचं देणं लागता, आणि तुम्हाला ते माहीतच नसतं.

बलुत्यापासून सुरू करतो, कारण तुमचं दुखणं तिथं आहे. एकरावर रक्कम ठरवून ज्यांनी हंगाम तुमच्या भरवशावर टाकलाय त्या बागा म्हणजे तुमचं बलुतं. ऑक्टोबरातला दिवस तुमचा नसतोच, तो त्यांनी आधीच घेतलेला असतो. वाटेत कुणाच्या बागेत फुकट चक्कर टाकली तर ती तुम्ही तुमच्या खिशातून दिली असं तुम्हाला वाटतं. ती गेलेली असते पैसे भरलेल्या माणसाच्या खिशातून. हे मला कळायला फार वर्षं लागली, कारण फुकट चक्कर टाकताना आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटत राहतं आणि ते वाटणं फार गोड असतं.

तरी मुळात बागा किती घ्यायच्या हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. नवीन पोरं साध्या आठवड्यावर हिशेब करतात. आज पाच बागा झाल्या, म्हणजे आठवड्याला तीस, म्हणजे तीस बागा घेऊ. तसं करू नका. तीन दिवस आभाळ भरलेलं, झिमझिम चालू, पानं दिवसभर ओली, आणि तुमच्या निम्म्या बागा पोंग्यात (नुकत्या फुटलेल्या कोंबात) नाहीतर फुलोऱ्यात, असे तीन दिवस डोळ्यांसमोर आणा. तेवढ्यात जितक्या बागांत तुमचा पाय लागू शकतो तितक्याच घ्या. बाकी आठवड्यांत हात मोकळे राहतील, राहू द्या. त्या मोकळ्या हातांतूनच पैरा आणि इर्जिक होतं. तासगावात ऋषिपंचमीला रथ निघाला की माझ्याकडं 'या वर्षी आमची पण बाग घ्या' म्हणणारे फोन वाढतात. वही भरली असेल तर तिथंच सांगतो, "यंदा जागा नाही, गुढीपाडव्याला फोन करा." पाडव्याला फोन करणारे थोडे असतात. जे करतात ते पुढं दहा-दहा वर्षं टिकलेत.

पैरा ओळखायला सोपा आहे, फक्त आठवायला लागतं. पलूसकडचे एक तात्या दर वर्षी त्यांच्या बागेतल्या चार ओळी मला प्रयोगाला देतात. डिपिंगची (घड संजीवकात बुडवायची) मात्रा कमी-जास्त करून बघायची असली, विरळणीची नवी पद्धत बघायची असली, की नुकसानीचा धोका त्यांचा आणि शिकणं माझं. त्यांचा फोन रात्री अकराला आला तरी मी उचलतो आणि त्यांना मी कधी बिल दिलेलं नाही. याउलट 'आपलं घरचंच आहे' म्हणून सहा वर्षं सल्ला घेणारे एक पाहुणे होते. माझ्या मुलीच्या लग्नात ते जेवून गेले, एवढीच त्यांच्या बाजूची नोंद. घरचं आहे हे खरं, पण बैल कायम एकाच घरचे राबत असतील तर त्याला पैरा म्हणत नाहीत. त्यांना मी सहाव्या वर्षी सरळ विचारलं, "दाजी, यंदापासून वहीत नाव घालू का?" ते हसले आणि म्हणाले, "मी कधीपासून तेच विचारणार होतो, पण तुम्हीच काही बोलत नव्हता." सहा वर्षं मी आतल्या आत धुमसत होतो आणि समोरच्या माणसाला पत्ताच नव्हता.

इर्जिकीचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलण्यासारखं फार नसतं. दर वर्षी दोन बागा. पाडव्यालाच ठरवून टाकतो. नवरा गेल्यावर एकटीनं बाग सांभाळणारी एखादी बाई असते, गेल्या साली व्यापारी पैसे बुडवून पळालेला असतो असा कुणी असतो. त्या बागांना पैसे भरलेल्या बागेइतक्याच चकरा, तेवढीच वही. फुकट आहे म्हणून उरलेल्या वेळात करायची असेल तर न केलेली बरी. आणि दोन म्हणजे दोन. तिसरा माणूस त्याहून अडलेला निघाला तर जीव तुटतो, पण तिसऱ्याला हो म्हटल्यावर पहिल्या दोन बागांच्या चकरा कमी झालेल्या मी बघितल्यात.

राहिली वेठ. ती आता शाल पांघरून येते. औषध दुकानदाराचा मेळावा असतो, मंडप, स्पीकर, पुलाव, जिलेबी, सगळ्याला पैसे असतात. बोलायला येणाऱ्याला मात्र "मानधनाचं काय बोलता सर, आपलं घरचंच". वर भाषणात अमुक कंपनीच्या औषधाचं नाव घ्यायचं असतं. माझ्या कपाटात शालींचा एक अख्खा खण भरलाय. नारळांच्या चटण्या होऊन गेल्या. माझी खूण सोपी आहे. ज्याच्याकडं मंडपाला पैसे आहेत आणि तुमच्या वेळाला नाहीत, तो तुमच्याकडं वेठ मागतोय. तिथं नाही म्हणताना मला आता जड जात नाही. द्राक्ष बागायतदार संघाचं चर्चासत्र असेल, गावच्या सोसायटीनं पारावर बोलावलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं शेतकरी प्रश्न विचारायला आलेला असतो, आणि त्या प्रश्नांतून यंदा कुठल्या गावात काय चाललंय ते मला कळतं. तो पैराच आहे.

आता तुमचा रोजचा त्रास, 'जाता जाता पाच मिनिटं'. हा आपल्याकडचा सगळ्यात फसवा वाक्प्रयोग आहे. मागणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच पाच मिनिटं वाटत असतात. गाडी रस्त्यावर लावायची, बांधावरून चिखल तुडवत जायचं, बाग बघायची, तोवर घरातून चहा निघालेला असतो, शेजारचा भाऊ 'आलाच आहात तर' म्हणून त्याच्या बागेत नेतो, मग दुकानदारानं दिलेली बाटली पुढं येते, "हे मारू का नको?" माझ्या आयुष्यात अशी एकही भेट पाऊण तासाच्या आत संपलेली नाही. म्हणून मी हिशेब मिनिटांचा करत नाही, थांब्यांचा करतो. दिवसाला पाच थांबे. सहावा घ्यायचा तर पाचांतला एक उद्यावर ढकलायचा आणि त्या माणसाला मी स्वतः फोन करून तसं सांगायचं. हा फोन करायचा म्हटलं की सहाव्याला नाही म्हणणं एकदम सोपं होतं. करून बघा.

मोबाईलवरच्या फोटोंचं याहून अवघड आहे, कारण तिथं नुकसान दिसत नाही. फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, "सर काय मारू?" आपल्याला वाटतं दोन ओळी लिहायला काय जातंय. पण पानाच्या वरच्या अंगाचा तेलकट पिवळा डाग बघून काही ठरत नाही, पान उलटून खाली पांढरी बुरशी आहे का ते बघावं लागतं. छाटणी होऊन किती दिवस झाले, परवा काय फवारलंय, हे माहीत नसताना दिलेलं औषध उलटतं. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेल्या बागेत त्यावर काय चालतं, काय चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. फोटो पाठवणाऱ्यानं काल बोर्डो मारलंय हे मात्र तुम्हाला माहीत नसतं. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा वाढ रोखायला ते मारलेल्या आपल्याकडच्या कित्येकांना निर्यातीत ते अडचणीचं ठरेल याची कल्पनाही नव्हती. कुणीतरी कधीतरी 'हे मारा' म्हटलेलं होतं. त्या वर्षापासून मी एक नियम पाळतो. फवारणीची वही नाही, तर सल्ला नाही, मग मागणारा सख्खा भाऊ का असेना.

फोटो आला की माझं ठरलेलं उत्तर जातं: "छाटणीची तारीख, मागच्या तीन फवारण्या, बाग निर्यातीची आहे का बेदाण्याची, आणि पान दोन्ही बाजूंनी. एवढं पाठवा, संध्याकाळी सातनंतर बघून कळवतो." निम्मे लोक पुन्हा काही पाठवतच नाहीत. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ज्याला चार ओळी लिहायला वेळ नाही त्याला माझ्या वेळाचं काय पडलेलं असणार! उरलेले निम्मे सगळं नीट पाठवतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. "सर, मागच्या दोन्ही वेळी एकाच गटातलं औषध गेलंय, ते चुकलं का?" चुकलंच.

नाही कसं म्हणायचं, तर कारण न देता. हे वाचायला उद्धट वाटेल, पण कारण दिलं की समोरचा माणूस त्या कारणाचा बंदोबस्त करतो. मी एकदा म्हटलं, "गाडी गॅरेजला आहे." तासाभरात दारात त्याची गाडी उभी, ड्रायव्हर पाठवलेला. "पोराची परीक्षा आहे" म्हटलं तर "रात्री या". आपला माणूस मदतीला तत्पर असतो, त्याला अडचण सांगितली की तो सोडवणारच. म्हणून "मला या आठवड्यात जमणार नाही" एवढंच बोलायचं, आणि लगेच पुढचं वाक्य त्याच्या उपयोगाचं घालायचं. कृषी विज्ञान केंद्रात कुणाला भेटायचं, जवळचा दुसरा सल्लागार कोण, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला कुठं मिळतो. दुसऱ्या सल्लागाराचं नाव द्यायला लाजू नका. मी आमच्या भागातल्या तीन जणांकडं माणसं पाठवतो आणि ते माझ्याकडं पाठवतात. भावकीतल्या वडीलधाऱ्याला मात्र फोनवर नाही म्हणू नका. घरी जाऊन, चहा घेऊन, समोर बसून म्हणा. त्याला नाहीचं दुःख कमी असतं, फोनवर उडवून लावल्याचं जास्त.

आणखी एक, जे मला फार उशिरा उमगलं. लोक ज्या वेळी मागतात त्या वेळी तुमचा उपयोग सगळ्यात कमी असतो. घड किती येणार हे ऑक्टोबरात ठरत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी (जुन्या काड्या काढून नव्या फुटू द्यायची छाटणी) होते, त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे सुप्त कोंबात, घड तयार होतो. तेव्हा काडीला ऊन मिळालं का, पाणी किती दिलं, शेंडा कधी मारला, यावर पुढच्या हंगामाला घड किती निघणार ते ठरतं. आणि त्या दिवसांत माझा फोन शांत असतो. म्हणून ऑक्टोबरात ज्याला नाही म्हणतो, त्याला मी मे महिन्यातली तारीख देतो. "आत्ता येऊन मी फार तर आग विझवीन. मेमध्ये 12 तारखेला सकाळी येतो, बागेत दोन तास बसू." वहीत लिहून ठेवतो आणि जातो. गेलो नाही तर तो 'बघतो'चाच थोरला भाऊ झाला.

आमच्या गावात सोमवारी बैल औताला जुंपत नव्हते. मी सोमवारी फोन बंद ठेवायला लागलो तेव्हा बायकोनं हसून विचारलं, "बैलाइतका मान मिळाला का शेवटी?" तुम्हीही एक वार ठरवा. पैसे भरलेल्या बागांना दुसरा नंबर द्या, पाऊस असेल तर तो चालू राहू दे. बाकी गाव आठवड्याभरात सवय करून घेतं, माझ्या गावानं तर पंधरा दिवसांत 'सोमवारी नसतात ते' असं परस्पर सांगायला सुरुवात केली.

राहिले तुमचे कॉलेजातले सर. मुलांना शनिवारी प्रत्यक्ष बाग दाखवायला येशील का, असं ते विचारतायत आणि मानधन नाही, असं तुम्ही खाली लिहिलंय. ही वेठ नाही. ज्यांनी तुम्हाला काडीतला घड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवलं त्यांचे बैल तुमच्या रानात आधीच राबून गेलेत. पण हंगामातले शनिवार देऊ नका, ते तुमचे नाहीत. आज संध्याकाळीच त्यांना फोन करा, मे महिन्यातले दोन दिवस द्या, पोरांना खरड छाटणी झालेली बाग दाखवा, आणि फोन ठेवायच्या आधी तारीख पक्की करून घ्या.